चमक बाटलीत नसते

दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली मोरपंखी दिसलेलं नेलपॉलिश घरी आणून लावलं, तर नखांवर ते निस्तेज राखाडी निघतं. उलट तुळशीबागेतल्या दुकानदाराने आग्रहाने पुढे केलेली, मनात फारशी न भरलेली बाटली नखांवर चढते आणि अशी झळाळते, की मैत्रीण हात धरून विचारते, ‘कुठला नंबर गं?’ साध्या रंगांत असं क्वचित होतं. लाल बाटलीतला रंग नखावरही लालच असतो. फसगत होते ती चमकदार छटांमध्ये.

याचं कारण असं, की साध्या रंगात सगळी कामगिरी रंगद्रव्याची असते. चमकदार रंगात ती बरीचशी प्रकाशाची असते. बाटलीत असतो तो प्रकाश परतवणाऱ्या सूक्ष्म चकत्यांचा साठा. त्या चकत्या नखावर कशा निजतात, त्यांच्याखाली कोणता रंग आहे आणि वरून कसला उजेड पडतोय, या तीन गोष्टींवर रंग ठरतो. त्यामुळे हे रंग घरी लावून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. आणि लावण्याच्या ज्या युक्त्या एकमेकींना सांगितल्या जातात, त्यातल्या बऱ्याच या चकत्यांच्या स्वभावातून आल्या आहेत.

बाटलीतला ऐवज

नेलपॉलिशचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसातल्या किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते बनवतात. त्याचाच एक अधिक जहाल भाऊ 19व्या शतकात ‘गनकॉटन’ या नावाने स्फोटक म्हणून वापरला गेला. 1920च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी झटपट वाळणारा रंग नायट्रोसेल्युलोजपासून तयार झाला आणि नखांच्या रंगानेही तीच वाट धरली. 1932 मध्ये चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन हे भाऊ आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन सुरू केली, ती एकट्या नेलपॉलिशच्या भरवशावर. आपल्याकडे टाटांनी 1952 मध्ये लॅक्मे काढली.

नायट्रोसेल्युलोज विरघळवायला एथिल ॲसिटेट आणि ब्युटिल ॲसिटेट ही द्रावकं वापरतात. बाटली उघडताच येणारा गोडसर उग्र वास त्यांचा. नखावर रंग वाळतो म्हणजे ही द्रावकं उडून जातात आणि मागे पातळ पापुद्रा उरतो. या मिश्रणात प्रक्रिया केलेली एक प्रकारची चिकणमातीही असते. बाटली स्थिर असताना मिश्रण दाटसर ठेवून ती जड चकत्या तरंगत्या ठेवते, आणि ब्रश फिरला की मिश्रण सैल होऊन पसरतं. तरीही महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या बाटलीत चकत्या तळाशी बसतातच. अशी बाटली जोरजोरात हलवली की हवा शिरते आणि नखावर बुडबुडे उठतात. दोन तळहातांमध्ये धरून ती घोळवावी; आत छर्ऱ्यासारख्या गोळ्या असतात त्या याच कामासाठी.

खवल्यांपासून अभ्रकापर्यंत

चमकेचा इतिहास माशापासून सुरू होतो. 17व्या शतकात पॅरिसमध्ये जपमाळा बनवणाऱ्या जाकँ नावाच्या कारागिराने नदीतल्या ब्लीक या लहानशा माशाच्या खवल्यांचं रुपेरी सत्त्व काढलं आणि काचेच्या पोकळ मण्यांना आतून लावून नकली मोती तयार केले. त्या सत्त्वातली चमक ग्वानिन या पदार्थाच्या स्फटिकांची. पुढे सौंदर्यप्रसाधनांतही ग्वानिन आलं आणि आजही काही उत्पादनांत ते असतं.

मासळीवरचं हे अवलंबन कमी झालं ते अभ्रकामुळे. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्याचा बारीक चुरा करून प्रत्येक चकतीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ लेप चढवायचं तंत्र 1960च्या दशकात बाजारात आलं. यातली गंमत लेपाच्या जाडीत आहे. साधारण 50 नॅनोमीटरचा लेप चंदेरी दिसतो. जाडी वाढवत नेली की त्याच रंगहीन पदार्थातून क्रमाने सोनेरी, लाल, जांभळा, निळा आणि 150 नॅनोमीटरच्या आसपास हिरवा रंग उमटतो. रंगद्रव्याचा एक कणही न घालता! पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग इंद्रधनुषी दिसतो, तोच हा प्रकार: लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात, काही रंग बळावतात, काही मावळतात. टायटॅनियमऐवजी आयर्न ऑक्साइडचा लेप दिला की ब्राँझ आणि तांब्याच्या छटा मिळतात. मोटारी आणि स्कूटरच्या ‘पर्ल’ रंगातही अशाच चकत्या असतात.

चमकेच्या जाती

दुकानात सगळ्यालाच ‘शिमर’ म्हणायची पद्धत असली, तरी जाती वेगळ्या आहेत आणि त्यांची वागणूकही.

मोतिया किंवा ‘फ्रॉस्ट’ प्रकारात बारीक चकत्या ठासून भरलेल्या असतात. नख शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं दिसतं. ‘शिमर’मध्ये मूळ रंग दिसतो आणि त्यात चकत्या विखुरलेल्या असतात. ‘ग्लिटर’ म्हणजे आपली चमकी: ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या फिल्मचे बारीक, बहुतेकदा षटकोनी तुकडे. ‘ड्युओक्रोम’ नख तिरपं केल्यावर रंग बदलतं. पाचशेच्या नोटेतला सुरक्षा धागा नोट कलती केली की हिरव्याचा निळा होतो, तसंच. ‘होलोग्राफिक’च्या चकत्यांवर अतिसूक्ष्म रेघा असतात, त्या प्रकाशाचे सातही रंग सुटे करतात. आणि ‘कॅट आय’मध्ये लोहयुक्त कण असतात, रंग ओला असताना जवळ चुंबक धरला की ते एका पट्ट्यात गोळा होतात.

काळा हात, पांढरा हात

या जातींची पारख करायचा सोपा प्रयोग आहे. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड गुळगुळीत पांढरा पुठ्ठा घ्या, अर्ध्या भागावर काळं नेलपॉलिश लावा, उरलेला अर्धा पांढरा ठेवा. वाळल्यावर दोन्हींवरून चमकदार रंगाचा एकच पट्टा ओढा. ड्युओक्रोम असेल तर काळ्यावर तो गडद आणि चपळ दिसेल, पांढऱ्यावर जवळजवळ नाहीसा होईल. लेप जो रंग परतवतो त्याचा पूरक रंग चकतीतून आरपार जातो. खाली पांढरं असेल तर तो पूरक रंगही परत वर येतो आणि दोघे मिळून एकमेकांना पुसून टाकतात. खाली काळं असलं की तो आरपार गेलेला प्रकाश तिथेच गडप होतो आणि परतलेला एकटा राज्य करतो. दुकानात मोरपंखी दिसलेली बाटली नखावर राखाडी होते, त्यामागे बहुधा हेच असतं: बाटलीत दाट थर असतो, नखावर पातळ, आणि खाली नखाची फिकट गुलाबी जमीन.

मग हाच पुठ्ठा घेऊन घरभर फिरा. खिडकीतल्या थेट उन्हात होलोग्राफिक रंग पेटून उठतो, कारण त्याला एका दिशेने येणारा प्रकाश लागतो. ढगाळ दिवशी किंवा ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात तोच रंग साधा रुपेरी दिसतो. पिवळ्या बल्बखाली सोनेरी आणि तांबूस छटा खुलतात, निळसर मंदावतात. हळदीकुंकवाला जायचं तर कोणत्या दिव्यांखाली बसायचंय याचा विचार आधी, रंगाचा नंतर.

लावण्याची रीत आणि तिची कारणं

चकत्या आरशासारखं काम करतात ते सपाट निजल्या तरच. ओल्या थरात त्या कशाही तिरक्या असतात. द्रावक उडतं तसा थर आकसतो आणि त्या हळूहळू आडव्या होतात. म्हणून पातळ हात द्यायचे, दोन किंवा तीन. जाड थराची वरची साय आधी वाळते, आत द्रावक अडकतं, चकत्या तिरक्याच राहतात आणि चादरीच्या सुरकुत्या नखावर उमटतात त्या अशाच मऊ राहिलेल्या थरावर. पंखा पूर्ण वेगाने लावून बसण्याने हेच होतं. हाताला कोरडं लागायला पाच-दहा मिनिटं पुरतात, पण थर पूर्ण कडक व्हायला काही तास जातात.

मोतिया रंगात ब्रशच्या रेघा दिसतात, कारण चकत्या ब्रशच्या ओढीनुसार रांगेत बसतात. त्या लपत नाहीत. मग निदान सरळ तरी असाव्यात. मुळाकडून टोकाकडे, हलक्या हाताने, एकाच दिशेने ब्रश ओढावा. चमकीचं उलट: ब्रश ओढला की तुकडे एका कडेला गोळा होतात, म्हणून ते टिपत टिपत बसवावे लागतात. मेकअपच्या स्पंजच्या तुकड्याने टिपलं तर द्रावक स्पंजात शोषलं जातं आणि चमकी दाट बसते.

लावण्याआधी नखं कोरडी हवीत, ती नुसती पुसून भागत नाही. नख पाणी शोषून फुगतं. भांडी घासून लगेच रंग लावला की नंतर नख सुकून आकसतं आणि पापुद्रा सैल होतो. म्हणून कामं आटोपल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा, रिमूव्हरच्या बोळ्याने नखावरचा तेलकटपणा काढावा, मग बेस कोट. शेवटचा हात देताना नखाच्या टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवला तर टवके उशिरा उडतात.

हाताने जेवणाऱ्यांची एक खास अडचण म्हणजे हळद. मोतिया पांढऱ्या आणि फिकट गुलाबी रंगावर वरण-भाताचा पिवळा डाग हमखास बसतो. हळदीतलं कुरकुमिन उन्हात फिकं पडतं, त्यामुळे कपड्यावरच्या डागासारखा हाही थोडा उतरतो. पण सणावाराच्या जेवणाआधी गडद छटा निवडणं शहाणपणाचं.

काढताना

चमकी काढणं हे लावण्यापेक्षा अवघड. द्रावक नायट्रोसेल्युलोज विरघळवतं, प्लास्टिकचे तुकडे मात्र जागेवर राहतात आणि घासाघाशीत नखाचा वरचा थर खरवडला जातो. त्यापेक्षा ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळावी. पाच-दहा मिनिटांनी सगळं एकदम निघून येतं. नंतर खोबरेल तेलाचं बोट फिरवावं, कारण ॲसिटोन नख आणि भोवतालची त्वचा कोरडी करतं. नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात. दिवाळीत पणत्यांची रांग शेजारी आणि मांडीवर बाटली, हे टाळलंच पाहिजे; समई, उदबत्ती आणि गॅसपासूनही लांब बसावं. बोटांच्या नखांची वाढ महिन्याला साधारण 3 मिलिमीटर, म्हणजे खरवडून बिघडवलेलं नख मुळापासून नवं यायला सहा महिने जातात.

ॲलर्जीचं लक्षण भलत्याच ठिकाणी दिसू शकतं. ओल्या नखांनी आपण डोळे चोळतो, मान खाजवतो. त्यामुळे नेलपॉलिशमधल्या रेझिनची ॲलर्जी पुष्कळदा पापण्यांवर आणि मानेवर पुरळ म्हणून उठते. बोटावर ऑक्सिमीटर लावायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर रंग आधी काढावा. गडद छटांमुळे प्राणवायूचं मोजमाप चुकू शकतं.

लेबलावरचे आकडे

बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरांत रंगांचे आकडे असतात. सीआय 77019 म्हणजे अभ्रक, 77891 म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. 75170 दिसलं तर ते माशाचं ग्वानिन आणि 75470 असेल तर कोचिनील किड्यापासून काढलेला लाल रंग, कार्माइन. कडक शाकाहारी घरात आणि हाताने जेवणाऱ्यांना हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

अभ्रकाचा आकडा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा. झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीह भागात बंद पडलेल्या खाणींच्या परिसरात ‘ढिबरा’ म्हणजे अभ्रकाचे तुकडे वेचायला कुटुंबंच्या कुटुंबं जातात, त्यात लहान मुलंही असतात. दरडी कोसळून तिथे जीव गेले आहेत. या साखळीत सुधारणा व्हावी म्हणून 2017 मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी राहिली. काही उत्पादक प्रयोगशाळेत बनवलेल्या अभ्रकाकडे वळले आहेत. लेबलावर ते ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ या लांबलचक नावाने येतं. चमकीबाबत युरोपीय संघाने 2023 मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. सुटी प्लास्टिक चमकी विकायला तिथे लगेच बंदी झाली, नखांच्या प्रसाधनांना मात्र 2035 पर्यंत मुदत आहे.

म्हणजे नवी बाटली घेण्यामागे जरा जास्त हिशेब आहे. तो टाळायचा उपायही याच शास्त्रात आहे. कपाटातली एक जुनी चमकदार बाटली काळ्यावर एक रंग देते, लालवर दुसरा, नुसत्या नखावर तिसरा. नवरात्राच्या खरेदीला निघण्याआधी घरातल्या बाटल्या घोळवून, पुठ्ठ्यावर एकीवर एक चढवून बघा. जो रंग विकत आणायला निघालात तो दोन जुन्या बाटल्यांमध्ये मिळून घरातच असण्याची शक्यता बरीच आहे.