आज्ञावलीचे स्थलांतर : प्रमाणरूप, बोली आणि अनुच्चारित संकेत

वेतनपत्रके, विम्याचे हप्ते, गोदामातील साठा इत्यादी व्यवहारांसाठी लिहिलेली आज्ञावली सहसा स्वतंत्रपणे चालत नाही. तिला एका मधल्या प्रणालीचा आश्रय लागतो. डेटाबेसशी जोडणी राखणे, एकाच वेळी आलेल्या अनेक विनंत्यांची व्यवस्था लावणे, वापरणाऱ्याची ओळख पटवणे आणि आरंभलेला व्यवहार एक तर पूर्ण करणे किंवा पूर्णपणे रद्द करणे ही या प्रणालीची कामे होत. तिला ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. असा सर्व्हर त्याच्या निर्मात्याने बंद केला, तर त्यावरील आज्ञावली त्याच दिवशी थांबत नाही. परंतु सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येणे थांबते, आणि पुढे नव्या यंत्रांवर तो बसवणेही अवघड होते. अशा वेळी आज्ञावली दुसऱ्या सर्व्हरवर नेणे भाग पडते. हे काम यांत्रिक समजले जाते. वस्तुतः त्याचे स्वरूप एका बोलीतील मजकूर दुसऱ्या बोलीत उतरवण्यासारखे आहे.

या क्षेत्रात प्रमाणभाषा आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या पुढाकाराने डिसेंबर १९९९ मध्ये जे२ईई या नावाने एक प्रमाण प्रसिद्ध झाले. त्याला धरून लिहिलेली आज्ञावली कोणत्याही निर्मात्याच्या सर्व्हरवर चालावी, हा त्यामागील हेतू. परंतु प्रमाणभाषेचे व्याकरण कितीही काटेकोर असले, तरी प्रत्यक्ष बोलणारा आपल्या गावची बोली तीत मिसळतो. प्रत्येक सर्व्हरनेही तेच केले.

ओरॅकल कंपनीचा ओसी४जे हा सर्व्हर याचे बोलके उदाहरण होय. २००१ मध्ये ओरॅकलने ओरायन या स्वीडिश सर्व्हरचे हक्क घेऊन त्याच्या पायावर तो उभारला. २००८ मध्ये ओरॅकलने बीईए ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर वेबलॉजिक हा सर्व्हरही ओरॅकलच्या हाती आला. २००९ मधील ११जी या मालिकेचा पाया वेबलॉजिक हा ठरला, आणि ओसी४जेवर आज्ञावली चालवणाऱ्या संस्थांना स्थलांतराचा विचार करावा लागला. ओसी४जेच्या काही मांडणी-फायलींची नावे अखेरपर्यंत 'ओरायन' या शब्दानेच सुरू होत. मूळ वस्तीचे नाव गावाने जपावे, तसाच हा प्रकार.

अशा स्थलांतरात आज्ञावलीचे तीन थर वेगळे करणे इष्ट ठरते. पहिला थर प्रमाणरूपाचा. प्रमाणाने ठरवून दिलेल्या रीतीने जे लिहिले आहे, ते बहुधा तसेच्या तसे नेता येते.

दुसरा थर उघड बोलीचा. उदाहरणार्थ, वस्तूचे कोणते गुण डेटाबेसमधील कोणत्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात साठवायचे, ही जुळणी एंटरप्राइज जावा बीन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रमाणाबाहेर होती. साहजिकच ओसी४जे ती एका प्रकारच्या फायलीत लिही, वेबलॉजिक निराळ्या. हा थर डोळ्यांना दिसतो. त्याचे रूपांतर कष्टाचे असले तरी चूक झाल्यास ती सामान्यतः लगेच उघडकीस येते.

तिसरा थर अनुच्चारित संकेतांचा, आणि खरा धोका येथेच आहे. आज्ञावलीत एखादी गोष्ट लिहिलेलीच नसते, कारण जुना सर्व्हर ती गृहीत धरून चाले. एका खात्यातून रक्कम वजा करून दुसऱ्यात जमा करण्याचे काम एकाच अखंड व्यवहारात व्हावे, असे मांडणी-फायलीत नमूद करायचे राहून गेले, तर सर्व्हर आपल्या रीतीप्रमाणे निर्णय घेतो. नव्या सर्व्हरची रीत निराळी असेल, तर दोन्ही क्रिया सुट्या होतात. सर्व काही सुरळीत असेपर्यंत फरक जाणवत नाही. एखाद्या दिवशी मध्येच जोडणी तुटते. रक्कम वजा झालेली असते, जमा झालेली नसते. ग्रंथालयसंचांचेही तसेच. एकाच संचाची एक प्रत सर्व्हरपाशी आणि दुसरी आज्ञावलीपाशी असेल, तर वेबलॉजिक अन्यथा सांगितले नसता स्वतःची प्रत आधी वापरतो.

शब्द तोच राहून अर्थ बदलणे भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत ती दंड होते. असा शब्द जसाच्या तसा उतरवणाऱ्याला व्याकरण अडवत नाही, म्हणूनच तो अधिक फसतो.

याउलट, अर्थ तोच राहून नाव बदलण्याचा प्रसंगही या क्षेत्रात घडला आहे. पुढे जावा ईई म्हणून ओळखले गेलेले हे प्रमाण एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ओरॅकलने २०१७ मध्ये जाहीर केले. २०१८ मध्ये त्याचे जकार्ता ईई असे नामकरण झाले. 'जावा' या व्यापारचिन्हाचा हक्क मात्र ओरॅकलकडेच राहिला, आणि 'जावाएक्स' या उपपदाखालील नामसंचांत पुढे फेरफार करण्याविषयी उभयतांत समझोता होऊ शकला नाही. परिणामी डिसेंबर २०२० मधील जकार्ता ईई ९ या आवृत्तीत 'जावाएक्स.सर्व्हलेट'चे 'जकार्ता.सर्व्हलेट' झाले. टॉमकॅट या सर्व्हरची नववी आवृत्ती जुने नाव ओळखते, दहावी नवे.

येथे सरसकट शब्दबदल केल्यास काम बिघडते. 'जावाएक्स.एसक्यूएल' आणि 'जावाएक्स.क्रिप्टो' हे संच मूळ जावाचे असल्याने त्यांची नावे बदललेली नाहीत. इतकेच नव्हे, तर 'जावाएक्स.ट्रान्झॅक्शन' बदलले, पण त्याच्याच पोटातील 'एक्सए' हा संच जुन्या नावानेच राहिला. नियम अक्षरांवरून ठरत नाही, कुळावरून ठरतो.

यावरून कामाचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम आज्ञावलीतील कोणता भाग कोणत्या थरात पडतो याची यादी करावी. नंतर, जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच, त्याचे प्रत्यक्ष वर्तन नोंदवून ठेवावे. कारण अनुच्चारित संकेतांचा तोच सर्वांत विश्वसनीय साक्षीदार असतो. एकाच महिन्याची वेतनपत्रके दोन्ही सर्व्हरांवर काढून रकमा पैशापर्यंत ताडून पाहाव्यात. व्यवहार चालू असताना जोडणी मुद्दाम तोडावी आणि दोन्हीकडे काय उरते ते पाहावे. स्थलांतराबरोबरच नव्या सोयी जोडण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास आढळलेला फरक स्थलांतराचा की सुधारणेचा, हे सांगता येत नाही. अखेरीस, परतीची वाट काही काळ मोकळी ठेवावी.

तात्पर्य, जुन्या सर्व्हरवरील आज्ञावलीत केवळ लिहिलेले नियम नसतात. त्या सर्व्हरने न बोलता पुरवलेले अर्थही तिच्या कामात सामावलेले असतात. लिहिलेले तेवढेच नेले, तर आज्ञावली नव्या ठिकाणी चालेल, परंतु ती पूर्वीचेच काम करील याची शाश्वती देता येणार नाही. ज्यांचे वेतन अथवा ठेव तिच्यावर अवलंबून असते, त्यांच्या दृष्टीने हा फरक शाब्दिक नव्हे.