वही मिटून विचारा

उद्या बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर. सतरंजीवर चौघी मैत्रिणी, मधे पोह्यांची ताटली. एकीने वही मिटली. "पोटॅशियम परमँगनेटमध्ये मँगनीजचा ऑक्सिडेशन अंक किती गं?" दुसरी बोटांवर मोजते: पोटॅशियमचा अधिक एक, चार ऑक्सिजनचे उणे आठ, बेरीज शून्य यायला हवी... "अधिक सात!" खरा अभ्यास होतो तो या अडखळण्यात.

तेच पान पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो, पाठ झालं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी आणि आठवड्यानंतर, न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

गटात मला एकच काळजी वाटते. हुशार मुलगी पटकन उत्तर देते, बाकीच्या माना डोलावतात. त्यांचं आठवणं राहूनच जातं. म्हणून आधी चौघींनी कागदावर लिहावं, मग बोलावं. आणि रात्री जागरण नको. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, त्यामुळे अकराला सतरंजी गुंडाळलेली बरी.