ऊन वाढले म्हणून कोणतीही क्रीम लावू नका

उन्हाळा सुरू झाला की श्रीरामपूर परिसरातल्या दवाखान्यांत त्वचेच्या तक्रारी वाढतात: घामोळे, जांघेतला नायटा, गालावरचे वांग. हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्यात आपला हा ऊसपट्टा. उसाच्या फडात वारा शिरत नाही, त्यामुळे तिथे काम करणाऱ्याच्या अंगावरचा घाम वाळतच नाही.

घाम साचून घामग्रंथींची तोंडे बंद झाली की घामोळे येते. त्यावर तेल किंवा घट्ट क्रीम चोपडली तर ते वाढते. सुती सैल कपडे, दोनदा अंघोळ आणि कॅलामाइन लोशन एवढे बहुतेकांना पुरते. नायटा बुरशीमुळे होतो आणि ओलसर कातडीवर पसरतो. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट हट्टी होते. अशी स्टेरॉइड मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती सर्रास मिळतात.

वांग उन्हाने गडद होतो आणि मग गोरेपणाच्या क्रीमचा शोध सुरू होतो. खरा धोका इथे आहे. २०२३ च्या सुमारास अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे समोर आले. तिघी स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा तिच्यात पारा सापडला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनीही असेच रुग्ण नोंदवले आहेत.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा लवकर उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. तुमच्या हातातून, टॉवेल-उशीतून तो घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोहोचतो. चेहरा धुतल्यावर तो गटारातून नदीत जातो आणि पुढे माशांमध्ये साठतो. म्हणून पर्यावरणाला जपणारे प्रसाधन आणि तुमच्या किडनीला जपणारे प्रसाधन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार (२०१३) भारतानेही स्वीकारला आहे.

डबीवर पाने-फुले छापली म्हणजे आतला माल नैसर्गिक होत नाही. उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नसेल तर ती डबी घेऊच नका. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल दिसले तर ती परत करा. आठवड्यात गोरे करण्याची हमी देणारी क्रीम मी तरी संशयितच समजतो. घरगुती उपायही निर्धोक असतातच असे नाही. लिंबू चोळून उन्हात गेल्यास फोड येऊन काळे डाग राहू शकतात.

उन्हासाठी सर्वांत टिकाऊ प्रसाधन म्हणजे लांब बाह्यांचा सुती सदरा, डोक्याला उपरणे किंवा ओढणी. उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन पुरेसे जाड थर देऊन लावा आणि घाम आला की पुन्हा लावा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. प्लास्टिकचे कण असलेल्या स्क्रबची गरज कुणालाच नाही. सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढ्यावर बहुतेकांचे भागते, पैसेही वाचतात.

संशयास्पद क्रीम वापरत असाल तर आजच थांबवा. ती जाळू नका, पाऱ्याची वाफ फुप्फुसात जाते. बेसिनमध्येही ओतू नका. झाकण लावून पिशवीत बंद करा आणि डॉक्टरांना दाखवायला घेऊन या. लघवीला फेस येत असेल, सकाळी डोळ्यांभोवती किंवा संध्याकाळी पायांवर सूज दिसत असेल तर लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्या. ही साधी तपासणी कोणत्याही लॅबमध्ये होते. घरात आणखी कोणी तीच डबी वापरत असेल तर त्यांचीही करा.