पुरुषस्तनवृद्धी : मेद, ग्रंथी आणि शस्त्रकर्माचा विवेक

पुरुषस्तनवृद्धीचा रुग्ण आपली खरी तक्रार प्रथम क्वचितच सांगतो. ‘वजन उतरवायचे आहे’ किंवा ‘छातीत टोचते’ असे निमित्त तो पुढे करतो आणि सोबत आलेले वडील बाहेर गेल्यावरच हलक्या आवाजात मूळ व्यथा बोलतो. शस्त्रकर्माच्या भीतीने तो पुष्कळदा प्रथम वैद्याकडेच येतो. म्हणूनच या व्याधीत कोठे थांबावे, कोठे शोध घ्यावा आणि कोठे रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याधिस्वरूप

आधुनिक वैद्यकात या विकाराला ‘गायनेकोमास्टिया’ म्हणतात. ईस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांचा समतोल ढळला की पुरुषाच्या स्तनातील ग्रंथी वाढते. नवजात अवस्था, यौवनारंभ आणि वार्धक्य या तीन काळांत अशी वाढ स्वाभाविकपणेही होऊ शकते. यौवनारंभीची वाढ बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षी दिसू लागते आणि बहुसंख्य मुलांत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते.

आपल्या संहितांत या नावाचा स्वतंत्र व्याधी वर्णिलेला नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे वर्णन करताना उदर व नितंबांबरोबर स्तनांच्या लोंबण्याचाही उल्लेख केला आहे. परंतु तो मेदोवृद्धीचा विचार आहे. मेदाने आलेला उभार आणि ग्रंथीची वाढ यांत भेद न करणे, हेच चिकित्सा फसण्याचे प्रमुख कारण होय.

परीक्षण

रुग्णास उताणे झोपवावे. अंगठा व तर्जनी स्तनाच्या दोन बाजूंस ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणावीत. स्तनमंडलाखाली रबरासारखी लवचिक, घट्ट चकती हातास लागली तर ती ग्रंथी होय. स्तनाग्रापर्यंत सर्वत्र मऊपणाच लागला तर तो मेद होय. कित्येकांत दोन्ही एकत्र असतात.

यानंतर औषधांचा इतिहास नेमकेपणाने विचारावा. स्पायरोनोलॅक्टोन, किटोकोनॅझोल, सिमेटिडीन, रिस्पेरिडोन, फिनास्टेराइड ही द्रव्ये स्तनवृद्धी घडवू शकतात. व्यायामशाळेत मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शने आणि घटकांचा पत्ता नसलेली शक्तिवर्धक चूर्णे यांविषयी मुलगा आपण होऊन सांगत नाही. ते एकांतातच विचारले पाहिजे. मद्यपान, यकृत व वृक्क यांचे विकार आणि थायरॉइडची अतिक्रिया हीही कारणे आहेत.

वृषणपरीक्षण संकोचापोटी टाळू नये. वृषणातील अर्बुद केवळ स्तनवृद्धीच्या रूपाने प्रकट होऊ शकते. वृषणे लहान व कठीण असतील तर १९४२ साली वर्णिलेल्या क्लाइनफेल्टर विकाराचा विचार करावा. एकाच बाजूची, मध्यापासून सरकलेली कठीण गाठ, स्तनाग्रातून रक्तस्राव, त्वचेस पडलेली खळी किंवा काखेतील गाठ आढळल्यास एक दिवसही लेप लावीत बसू नये. एकूण स्तनकर्करोगांपैकी सुमारे एक टक्का पुरुषांत होतो, याचे विस्मरण होता कामा नये.

औषधाची मर्यादा

मेदप्रधान उभारात आपली चिकित्सा निश्चित उपयोगी आहे. लेखन द्रव्ये, उद्वर्तन, पथ्याहार व नित्य व्यायाम यांनी मेद उतरला की छातीचा आकारही सुधारतो. नुकतीच सुरू झालेली यौवनारंभीची वाढ असेल आणि बाकी परीक्षण निर्दोष असेल, तर धीर देऊन दर तीन-चार महिन्यांनी तपासणे हीच उत्तम चिकित्सा. तेथे वाढ ओसरली, तर त्याचे श्रेय औषधास देऊ नये.

मात्र वाढ वर्षाहून अधिक काळ टिकली की ग्रंथीत तंतुमय धातू निर्माण होतो. मग आपले लेप व गुग्गुळकल्प काय किंवा आधुनिक संप्रेरकविरोधी औषधे काय, यांचा विशेष उपयोग होत नाही. अशा रुग्णास आणखी सहा महिन्यांचे औषध देणे म्हणजे त्याचा पैसा व उमेद दोन्ही खर्ची घालणे होय.

माझ्याकडे आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या ग्रामीण तरुणाने तीन वर्षे नदीत पोहणे सोडले होते आणि उन्हाळ्यातही तो दोन बनियन घालीत असे. सैन्यभरतीच्या तयारीत तो धावण्यात सर्वांच्या पुढे होता. पण वैद्यकीय तपासणीत सदरा काढावा लागेल आणि या कारणाने अपात्र ठरू, या धास्तीने त्याने अर्जच भरला नव्हता. हातास स्पष्ट चकती लागत होती. त्यास औषध न देता मी शल्यचिकित्सकांच्या नावे पत्र दिले.

शस्त्रकर्म

हे शस्त्रकर्म नवे नाही. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉलस एजिनेटा याने स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन ते करण्याची रीत लिहून ठेवली आहे. जेरोम वेबस्टर यांनी १९४६ मध्ये स्तनमंडलातील अर्धवर्तुळाकार छेदाची पद्धत मांडली. तिच्यामुळे व्रण सहसा नजरेत येत नाही. आज ग्रंथीचे छेदन आणि नळीद्वारे मेदाचे आहरण बहुधा एकत्र केले जाते. त्वचा फार लोंबत असल्यास तीही कमी करावी लागते. स्तनाग्र आत ओढले जाऊ नये म्हणून त्याखाली ग्रंथीचा पातळ थर राखतात. काढलेला धातू सूक्ष्म तपासणीस पाठविणे हिताचे.

किशोरवयात घाई नको. यौवनावस्था पूर्ण होऊन वाढ स्थिरावल्यावरच शस्त्रकर्म करणे सामान्यतः इष्ट, अन्यथा पुनरुद्भव संभवतो. रक्त किंवा लसिका साचणे, संवेदना मंदावणे, दोन्ही बाजूंत असमानता राहणे, छातीस खळगा पडणे हे उपद्रव रुग्णास आधीच समजावून द्यावेत.

सुश्रुताचार्यांनी सांगितलेल्या त्रिविध कर्मांपैकी प्रधानकर्म प्लास्टिक सर्जनचे असले, तरी पूर्वकर्म व पश्चात्कर्म यांत वैद्याचा वाटा मोठा आहे. वजन आटोक्यात आणावे, तंबाखू व धूम्रपान सोडवावे. गुग्गुळ, लसूण यांसारख्या द्रव्यांचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून चालू असलेल्या सर्व कल्पांची यादी शल्यचिकित्सकांना लेखी कळवावी. शस्त्रकर्मानंतर काही आठवडे छातीस घट्ट दाबवस्त्र वापरावे लागते. तोवर अभ्यंग व मर्दन वर्ज्य समजावे.

वैद्यमित्रांनो, या रुग्णाची निम्मी पीडा मानसिक असते. त्यास ‘तू पुरुष म्हणून उणा नाहीस’ हे वडिलांदेखत, स्पष्ट शब्दांत सांगावे. त्यानंतर त्याची ग्रंथी आहे की मेद, हे हाताने पडताळून योग्य मार्ग दाखवावा. तो मार्ग आपल्या दवाखान्याबाहेर जात असेल, तर पत्र लिहिण्यास विलंब करू नये.