फिरत्या बिऱ्हाडाची चाके

उमापूर (ता. गेवराई) : दसऱ्याला कोयत्याची पूजा झाली की इकडच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरू लागतात. बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, कोपीचे सामान, कोंबड्यांचे खुराडे, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर बायालेकरे. हौशी लोक चाकावरचे घर घेऊन देश पाहायला निघतात, त्याला 'मोटारहोम' म्हणतात. आमचे चाकावरचे घर पोटासाठी निघते. सांगली-कोल्हापूरकडचा कारखाना गाठायचा तर तीन-साडेतीनशे किलोमीटर जावे लागते, तेही बहुधा रात्रीचे. ट्रॉली माल वाहण्यासाठी असते, माणसांसाठी नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण संसार न्यायला दुसरे वाहन नाही, म्हणून निदान तिची चाके तरी धड हवीत.

उचल हातात आली की इंजिनाचे काम होते, ऑईल बदलले जाते, बॅटरी नवी येते, टेपसुद्धा दुरुस्त होतो. टायरचा नंबर शेवटी लागतो. तोवर पैसे सरलेले असतात. मग ट्रकमधून उतरवलेला टायर घ्यायचा आणि "एवढा सीझन निघतोय की" म्हणायचे. जुना टायर घेऊच नका, असे सांगण्यात अर्थ नाही. पण घेताना पाहायचे काय, हे सांगता येते.

नुसती नक्षी पाहून भुलू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३४१९ असेल तर तो २०१९ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर असूनही बाजूला बारीक चिरा दिसल्या तर रबर वाळले आहे असे समजावे. आतून हात फिरवावा, बॅटरी मारून पाहावे. फुगवटा, उघडा पडलेला दोरा किंवा तार आणि बाजूवरचे मोठे ठिगळ, यांपैकी काहीही असले तर टायर परत द्यावा. नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायद्यानेही अशा वाहनाला किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. रिमोल्ड टायर ट्रॉलीला एक वेळ चालेल, पण ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला नको, कारण स्टेअरिंग त्याच्यावर आहे.

आता वजनाचे बघू. चारचाकी ट्रॉलीचे वजन उसासकट दहा टन धरले तर एकेका टायरवर अडीच टन आले. टायरवर साइजच्या जवळ एक आकडा असतो. तो १४० असेल तर तो टायर अडीच हजार किलो पेलतो. त्याहून कमी आकड्याचा टायर म्हणजे आठवीतल्या पोराच्या पाठीवर क्विंटलचे पोते. शिवाय तो अडीच टन पेलतो ते पूर्ण हवेवर. ९.००-२० च्या टायरला भरल्या ट्रॉलीत शंभर पौंडांच्या वर हवा लागते. नेमका आकडा टायरच्या बाजूवर असतो, तो वाचावा. एका आक्सावर जोडीचे टायर घालावेत. एक नवा, एक गुळगुळीत नको. घेराचा फरक दोरीने मोजला तरी कळतो.

आणि इथेच खरी गोम आहे. हवा किती, असे विचारले की उत्तर ठरलेले : "लाथ मारून बघितली, टणक हाय." साठ पौंडांचा टायरही लाथेला टणकच लागतो! हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते नि उठते. तासन्‌तास हे चालले की आतले रबर तापते, थर सुटतात आणि टायर फुटतो. लोक म्हणतात, "उन्हानं फुटला, हवा जास्त झाली." बहुतेक वेळा कारण उलटे असते. म्हणून चालून तापलेल्या टायरची हवा कधीही कमी करू नये. तापल्यावर दाब चढणारच. हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलण्याआधी, थंड टायरवर.

ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांचे गणित वेगळे आहे. शेतात त्यांना बारा ते पंधरा पौंड बरे, चाक जमीन धरते. तेच ओढणीला रस्त्यावर निघताना आणखी चार-पाच पौंड भरावे लागतात. नांगरटीची हवा तशीच ठेवून डांबरीवर निघाले तर नक्षी भराभर झिजते आणि ट्रॅक्टर डुलतो.

टायरगाडीवाल्यांनी तर हे अधिकच लक्षात घ्यावे. बैलगाडीचे ७.००-१९, ८.००-१९ असे टायर असतात. त्यात हवा कमी असली तर ट्रॅक्टर डिझेल जास्त खातो, तसा बैल जास्त दम खातो. फडाच्या मऊ रानातून गाडी काढताना ते जनावर मान टाकते, तेव्हा आधी चाक बघावे, मग चाबूक. गाडी कारखान्याची असली, भाडे कापले जात असले, तरी ताब्यात घेतानाच टायर पाहून घ्यावेत. पुढे पंक्चरचा भुर्दंड गाडीवानावरच येतो.

हवेचा गेज हा काही शंभर रुपयांचा जिन्नस आहे. टोळीत एक असला तरी पुरतो. व्हॉल्व्हच्या टोप्याही हरवू देऊ नयेत, फडातली माती पिनेत बसली की हवा हळूहळू जात राहते. आणखी एक गोष्ट. रिंगवाल्या चाकात हवा भरताना रिंगेसमोर कोणी उभे राहू नये. नीट न बसलेली रिंग सुटली तर माणूस वाचत नाही. पोरे हमखास तिथेच गोळा होतात, त्यांना आधी लांब काढावे.

टोळ्या निघतात त्या दिवशी टायरखाली लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचा. ते होऊ द्या. पण त्या दिवशी पहाटे, सामान चढवण्याआधी एकदा आणि सामान चढल्यावर एकदा, सगळ्या चाकांना गेज लावावा. स्टेपनीलाही. वाटेत चहाला थांबले की प्रत्येक टायरला हात लावून पाहावा. सगळे कोमट आणि एकच चटका देणारे असेल, तर लेकरे खाली उतरवून ते चाक आधी खोलावे.