पुस्तकातली पाखरे कोणी रंगवली?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रविवारी सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवून हिंडणाऱ्या मंडळींना डॉ. सलीम अलींचे नाव सांगावे लागत नाही. पण पुस्तकातली पाखरे रंगवली कोणी, असे मी विचारतो तेव्हा बहुतेक जण गप्प बसतात.

अली आणि डिलन रिप्ली यांचे सचित्र पुस्तक १९८३ साली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शताब्दीत निघाले. त्यातली १०६ चित्रपाने जॉन हेन्री डिक या अमेरिकन चित्रकाराची. पुढे १९९८ साली ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्य यांचा भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा ग्रंथ आला, तेव्हा परदेशी चित्रकारांच्या पंगतीत आपले कार्ल डिसिल्वाही होते.

हे काम सोपे नव्हे. चित्रकारासमोर पुष्कळदा संग्रहालयाच्या खणातले, कापूस भरलेले कातडे असते. पिसांचा रंग बराच टिकतो. डोळ्यांचा आणि पायांचा मात्र मेल्यावर उडतो. तो जिवंत पाखरावरूनच टिपावा लागतो. स्वर्गीय नर्तकाचा प्रौढ नर पांढराशुभ्र, लांब शेपटीचा. मादी तांबूस, आखूड शेपटीची. दोन्ही काढली नाहीत, तर वाचक एकाच जातीचे दोन पक्षी समजणार!

मी मराठी शिकवतो. ‘तांबूस’ म्हटले की माझे काम संपते. चित्रकाराला तांबूस कोणता, हे ठरवावेच लागते.

तेव्हा वाचकहो, पक्ष्यांचे पुस्तक मुलांच्या हाती देताना आतल्या पानावरची बारीक अक्षरातली नावेही एकदा मोठ्याने वाचून दाखवा.