हिवतापाच्या जंतूस वेळ कशी कळते?

एक दिवसाआड हुडहुडी भरून येणारा पाळीचा ताप आपल्या घराघरांत पूर्वापार ठाऊक आहे. या पाळीचे कारण असे की, हिवतापाचे जंतू रक्तातील तांबड्या पेशीत शिरतात, आत वाढतात आणि सुमारे ४८ तासांनी एकाचे अनेक होऊन पेशी फोडून बाहेर पडतात. फॅल्सिपेरम व व्हायव्हॅक्स या दोन्ही जातींचा हाच क्रम आहे. पण या जंतूस ना डोळे, ना मेंदू. मग बाहेर पडण्याची वेळ त्यास कळते कशी?

यात मोठा वाटा कॅल्शियमचा आहे. तेच, जे आपल्या हाडांत असते आणि चुन्यातही. आपल्या रक्तद्रवात मोकळे कॅल्शियम जितके असते, त्याच्या सुमारे दहा हजारावा भागच जंतूच्या अंगात असतो. उरलेले तो आतल्या कप्प्यांत कोंडून ठेवतो. इशारा मिळताच कप्पे उघडतात, कॅल्शियम अंगभर पसरते आणि काही विशिष्ट प्रथिने जागी होऊन कामास लागतात. पेशी फोडणे, नव्या पेशीत शिरणे, ही कामे त्यांच्याच हुकमाने चालतात.

डासाने रोग्याचे रक्त शोषल्यावरही हेच घडते. डासाच्या पोटातील थंडावा व तेथील झँथुरेनिक आम्ल यांनी काही सेकंदांत जंतूतील कॅल्शियम वाढते आणि दहा-पंधरा मिनिटांत एका नरजंतूपासून आठ वळवळणाऱ्या शेपट्या सुटतात. त्या लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात प्रथम पाहिल्या. त्यांचा मादीशी संयोग झाल्यावर डासाच्या जठराच्या भिंतीत जंतूंच्या गाठी धरतात. त्या रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आमच्या शेजारच्या सिकंदराबादेत शोधून काढल्या.

आता यातील आशेची गोष्ट सांगतो. वरील प्रथिनांपैकी एक महत्त्वाचे कुटुंब वनस्पतींत आढळते, मनुष्यात नाही. म्हणून त्यांस रोखणारे औषध जंतूस मारील आणि रोग्यास फारसे बाधणार नाही, अशा अपेक्षेने शास्त्रज्ञ खटपट करीत आहेत. त्याची निकड आहे. कारण फॅल्सिपेरमवर क्लोरोक्विन आता बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि आर्टेमिसिनिनलाही आग्नेय आशियात व आफ्रिकेच्या काही भागांत जंतू दाद देईनासे होऊ लागले आहेत.

नवे औषध हाती येईपर्यंत वाचकांस आमची विनंती इतकीच, की ताप अंगावर काढू नये, रक्त तपासून घ्यावे, आणि थंडी थांबली म्हणून औषध अर्धवट सोडू नये.